बापाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून : समकालीन कादंबरीतील तरुण, ओळखीचा पेच आणि कट्टरता

परवेझ नावाचा एक टॅक्सीवाला मुलगा घरात नसताना त्याच्या खोलीत चोरून जातो. कायम पसारा करणारा मुलगा एकाएकी नीटनेटका झाला आहे. नवे कपडे, व्हिडिओ कॅसेटी, पुस्तके यांची खोलीतून हळूहळू रवानगी होते आहे. गिटारचा आवाज बंद झाला, इंग्रज मैत्रीण सुटली. इंग्लंडमध्ये वीस वर्षे काढलेला, रात्रीच्या खेपा करून मुलाच्या अकाउंटन्सीच्या शिक्षणाला पैसा पुरवणारा हा बाप घाबरतो आणि आपल्या परीने निदान करतो : पोरगा नशेच्या नादी लागला, सामान विकून टाकतो आहे. कोणती लक्षणे पाहायची, डोळे कसे दिसतात, हे त्याला त्याच्या टॅक्सीतून जा-ये करणारी बेटिना ही वेश्या समजावून सांगते. बाप पाळत ठेवतो. डोळे तर स्वच्छ आहेत, तब्येत ठणठणीत आहे. मग एके दिवशी उलगडा होतो. मुलगा नमाज पढतो आहे, दिवसातून पाच वेळा.

हनीफ कुरेशी यांची ‘माय सन द फॅनॅटिक’ ही कथा १९९४ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापून आली. १९९७ साली उदयन प्रसाद यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि ओम पुरी यांनी त्यातला बाप उभा केला. त्यामुळे आपल्याकडे ही कथा वाचणाऱ्यांपेक्षा पाहणारे अधिक निघतील. मूळ कथा जेमतेम दहा-बारा पानांची आहे, आणि माझ्या मते या विषयावर पुढे जे जे लिहिले गेले त्याचे बीज तिच्यात आहे. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळायला तेव्हा सात वर्षे अवकाश होता. ‘तरुणांचे कट्टरीकरण’ हा शब्दप्रयोग परिषदांमध्ये आणि सरकारी कागदांवर रुळायचा होता.

पुढे तो रुळला, आणि कथेतल्या बापाचे काम शासनाने हाती घेतले. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयांवर अशी जबाबदारीच आली की कट्टरतेकडे झुकणारे विद्यार्थी हेरावेत आणि वेळीच कळवावे. म्हणजे मास्तरांनी बेटिनाची यादी घेऊन वर्गात बसायचे. दाढी वाढली का? जुने मित्र तुटले का? कुरेशींच्या कथेची गंमत अशी की परवेझने टिपलेले बदल सगळे खरे असतात, तरी त्यांचा लावलेला अर्थ साफ चुकतो. या विषयावरच्या कादंबऱ्या वाचताना वाचकाच्या हातातही नकळत तीच यादी येते. आपण पात्राकडे पाहत नाही, त्याच्यातली लक्षणे मोजत बसतो. कोणती कादंबरी आपल्याला असे मोजू देते आणि कोणती ती यादी हातातून काढून घेते, हा मला या साहित्याच्या मूल्यमापनातला कळीचा प्रश्न वाटतो.

मराठीत या प्रक्रियेला नेमका शब्द नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे. ‘मूलगामी’ म्हटले तर स्तुती होते. ‘जहाल’ म्हटले की टिळकांचा काळ आठवतो आणि छाती फुगते. ‘माथेफिरू’ म्हटले की विषय वेड्यांच्या इस्पितळाकडे जातो. वर्तमानपत्रे सर्रास वापरतात तो प्रयोग म्हणजे ‘माथी भडकवणे’. कोणी तरी भडकवणारा असतो, आणि माथी म्हणजे नुसता सुका पाला. ठिणगी पडायचा अवकाश. या वाक्प्रचारात तरुणाला कर्तेपण नाही, इतिहास नाही, घरही नाही. चांगली कादंबरी काय करते? त्या माथ्यात आधीपासून काय काय होते ते दाखवते. आणि या कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचल्या तर त्या माथ्यात धर्माच्या आधी बाप सापडतो.

कुरेशींच्या कथेतला एक बारीक तपशील पाहा. परवेझचा धर्माशी संबंध लहानपणीच तुटला. कुराण शिकवताना त्याला झोप लागू नये म्हणून मौलवीने छताला दोरी बांधून तिचे दुसरे टोक त्याच्या केसांना बांधले होते. डुलकी लागली की हिसका. हा किस्सा हास्यास्पद आहे आणि क्रूरही. परवेझने त्याचा विनोद करून टाकला आणि तो मोकळा झाला. पण त्याच्या मुलाच्या वाट्याला काय आले? लाहोरची एक थट्टा, डुकराचे मांस खाणारा आणि दारू पिणारा बाप, आणि ‘इथे सगळे मिळते, अभ्यास कर’ हा उपदेश. बापाने देश सोडला, धर्म सोडला, रात्रंदिवस मरमर केली, ती कशासाठी, याची धड गोष्ट त्याने मुलाला कधी सांगितलीच नाही. त्याला ती सांगण्यासारखी वाटली नसावी. कष्ट करणाऱ्या माणसाला आपले कष्ट म्हणजे कथावस्तू वाटत नाहीत. ती मोकळी जागा मुलाने दुसऱ्या एका गोष्टीने भरली. कथेच्या शेवटी बाप मुलाला तुडवतो आणि रक्ताळलेल्या ओठांनी मुलगा उलट विचारतो की आता धर्मवेडा कोण. शीर्षकातला ‘माझा’ हा शब्द तिथे बोचतो.

कुरेशींनी ‘द ब्लॅक अल्बम’ (१९९५) या कादंबरीत हाच विषय पसरून मांडला. १४ फेब्रुवारी १९८९ च्या रश्दींविरुद्धच्या फतव्याची पार्श्वभूमी, लंडनचे एक सुमार महाविद्यालय, वडील वारल्यानंतर तिथे आलेला शाहिद, एका बाजूला त्याची प्राध्यापिका आणि दुसऱ्या बाजूला रियाझचा गट. वांग्यात पवित्र अक्षरे उमटल्याचे प्रकरण त्यात धमाल रंगले आहे. तरी कथेला जे साधले ते कादंबरीला साधले नाही. शाहिदला लेखक व्हायचे आहे, आणि लेखक होऊ पाहणारा नायक शेवटी कुठल्या बाजूला जाणार हे तिसऱ्या प्रकरणातच कळते.

*

कमिला शम्सी यांची ‘होम फायर’ (२०१७) ही मला या साऱ्या लेखनातली सर्वांत महत्त्वाची कादंबरी वाटते. ती निर्दोष मात्र नाही. सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’चा सांगाडा घेऊन लंडनच्या वेम्बली भागातल्या एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबाची ही कहाणी रचली आहे. थोरली इस्मा, तिची जुळी भावंडे अनीका आणि परवैझ. (कुरेशींच्या बापाचे आणि शम्सींच्या मुलाचे नाव एकच आहे. हा बहुधा योगायोग असेल, पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की अर्थपूर्ण वाटतो.) वडील आदिल पाशा जिहादसाठी घर सोडून गेले आणि ग्वांतानामोला नेले जात असताना वाटेत मेले. घरात त्यांचे नाव घ्यायचे नाही असा अलिखित नियम आहे. आजी आणि आई वारल्यावर इस्माने धाकट्यांना वाढवले. आता ती संशोधनासाठी अमेरिकेला निघाली आहे. अनीकाला कायद्याच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आहे. एकोणीस वर्षांचा परवैझ भाजीच्या दुकानात काम करतो.

परवैझला आवाजांचे वेड आहे. वस्तीतले, रस्त्यावरचे, घरातले आवाज तो टिपून ठेवतो. भागातले वाचनालय वाचवण्यासाठी तो धडपडलेला आहे. म्हणजे लक्षणांच्या यादीत बसणारे त्याच्यात काहीच नाही. त्याला फारूक नावाचा माणूस भेटतो आणि हा फारूक धर्माबद्दल जवळपास काही बोलत नाही. तो म्हणतो, माझे वडील तुझ्या वडिलांना ओळखत होते. घरात ज्याचे नाव घ्यायला बंदी त्या माणसाची छायाचित्रे, त्याचे शौर्य, त्याचे टोपणनाव. ते टोपणनाव ‘अबू परवैझ’, परवैझचा बाप. ज्या मुलाला आयुष्यभर वाटत आले की बापाने आपल्याकडे वळूनही पाहिले नाही, त्याला कळते की बापाने आपले नावच धारण केले होते. हा एक तपशील समाजशास्त्राच्या शंभर पानांचे काम करतो. फारूकने माथे भडकवले नाही. त्याने एका पोरक्या पोराला बाप आणून दिला. खोटा, रंगवलेला, पण बाप.

याच भागात एक भयंकर प्रसंग आहे. बापाने कैदेत काय सोसले ते कळावे म्हणून परवैझला त्याच अवघडलेल्या स्थितीत साखळीने जखडून ठेवले जाते. आणि तो पुन्हा त्या घरी जातो! प्रथम वाचताना मला हे अतर्क्य वाटले होते. दुसऱ्या वाचनात पटले. बापाशी झालेली ही त्याची पहिली शारीरिक भेट आहे. घरातल्या तिन्ही बायकांनी, प्रेमापोटी आणि भीतीपोटी, जे दार बंद ठेवले होते ते फारूकने उघडून दिले. शम्सी या बायकांना दोष देत नाहीत. पोलिसांची नजर असलेल्या घरात मौन हेच शहाणपण असते. पण त्या शहाणपणाची किंमत कोणी चुकवली हेही त्या लपवत नाहीत.

परवैझ राक्काला पोहोचतो, तो ‘इस्लामिक स्टेट’च्या प्रसारविभागात. त्याच्या कौशल्याला तिथे मान आहे, हातात उत्तम यंत्रे आहेत. लंडनने त्याला भाजी तोलायला बसवले होते. मग एका शिरच्छेदाचे ध्वनिमुद्रण करायची वेळ येते आणि त्याचे सगळे कोसळते. तो पळतो आणि इस्तंबूलमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या दारात मारला जातो. प्रेत ब्रिटनमध्ये येऊ द्यायचे नाही असा गृहमंत्र्याचा हुकूम. ते कराचीला जाते आणि अनीका तिथल्या बागेत बर्फावर ठेवलेल्या भावाजवळ जगासमोर बसून राहते.

गृहमंत्री करामत लोन हा स्वतः पाकिस्तानी मुस्लिम वंशाचा. कादंबरी ऑगस्ट २०१७ मध्ये आली. एप्रिल २०१८ मध्ये साजिद जाविद ब्रिटनचे गृहमंत्री झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी शमीमा बेगमचे नागरिकत्व काढून घेतले. ती २०१५ मध्ये, पंधराव्या वर्षी, पूर्व लंडनमधून सीरियाला गेली होती. कादंबरीने भविष्य वर्तवले असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. मला त्यात कौतुक करण्यासारखे फारसे दिसत नाही. कायदा आधीपासून होता, लेखिकेने तो नीट वाचला होता, इतकेच. कौतुक करायचे तर वेगळ्या गोष्टीचे. करामतही बापाची गोष्ट नाकारणारा मुलगा आहे, आणि त्याने पुसून टाकलेले सगळे त्याचा मुलगा एमन अनीकाच्या प्रेमात पडून पुन्हा घरात आणतो. राज्यकर्ता आणि बंडखोर यांची घरे शम्सींनी एकाच नकाशावर बांधली आहेत.

उणीव आहे ती शेवटात. शोकांतिकेचा सांगाडा कादंबरीला इतक्या वेगाने ओढत नेतो की अनीका हळूहळू माणूस राहत नाही, पुतळा होते. ग्रीक नाटकात ते चालते. तिथे समूहगान असते, मुखवटे असतात. इथे वेम्बलीतल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात केलेली असते, त्यामुळे कराचीची बाग रंगमंचासारखी भासते.

*

रंगमंच अजिबात नसलेली कादंबरी म्हणजे संजीव सहोता यांची ‘अवर्स आर द स्ट्रीट्स’ (२०११). ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, ५२ माणसे मेली. हल्लेखोरांच्या म्होरक्याची चित्रफीत नंतर दाखवली गेली तेव्हा इंग्रज श्रोत्यांना सर्वांत अस्वस्थ केले ते त्याच्या बोलण्याने. तो खास यॉर्कशायरच्या हेलात बोलत होता. शत्रूची भाषा शेजारच्या गल्लीतली निघाली. सहोतांनी कादंबरी त्या हेलातच लिहिली. शेफील्डचा इम्तियाझ, बायको बेका, तान्ही मुलगी नूर, आई-वडील, या सगळ्यांना उद्देशून तो वही लिहितो आहे. शेफील्डच्या बोलीत पंजाबी-उर्दू शब्द मिसळलेले, मध्येच लाडात येणारे, मध्येच संशयाने बरळणारे लेखन. तो बॉम्ब घेऊन मॉलमध्ये जायच्या तयारीत आहे हे आपल्याला माहीत असते. त्याच्या संसारातल्या बारीकसारीक गोष्टी वाचताना ते विसरायला होते, आणि विसरलो याची लाज वाटते.

त्याचे वडीलही टॅक्सीवाले. ते वारतात आणि त्यांना दफन करायला इम्तियाझ पाकिस्तानात जातो. इथे बापाची गोष्ट दुसरा माणूस सांगत नाही, माती सांगते. गावात पोहोचल्यावर आयुष्यात प्रथमच त्याला कोणाचा तरी कोणी तरी म्हणून ओळखले जाते. शेफील्डमध्ये बाप म्हणजे गाडीचा चालक होता, इथे तो एका घराण्याचा मुलगा आहे. आपलेपणाची ही पहिली घटका इतकी गोड असते की तिची किंमत मागितली जाते तेव्हा नाही म्हणणे त्याला जमत नाही. आपल्याकडचे परदेशात वाढलेले तरुण सुट्टीत गावी येतात, जत्रेत नाचतात, आजीच्या पाया पडतात आणि एकदम गहिवरतात, त्या गहिवराची ही काळी बाजू आहे. तो गहिवर खोटा नसतो. त्यामुळेच धोक्याचा असतो.

याच्या तुलनेत जॉन अपडाइक यांची ‘टेररिस्ट’ (२००६) तपासावी. अठरा वर्षांचा अहमद, आई आयरिश वंशाची, इजिप्तचा बाप लहानपणीच सोडून गेलेला, न्यू जर्सीतले पडके शहर. सामग्री सगळी तीच. अपडाइक शहराचे वर्णन करतात तेव्हा पान जिवंत होते आणि अहमद बोलू लागला की मरते. तो अमेरिकेत वाढलेल्या पोरासारखा बोलतच नाही, भाषांतरित पोथीसारखा बोलतो. लेखकाने अभ्यास केला, कान दिला नाही. बाप नसणे हे इथे निव्वळ कारण म्हणून पुरवले आहे, रोग्याच्या कागदावर पूर्वेतिहास लिहावा तसे.

मोहसिन हमीद यांनी ‘द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट’मध्ये (२००७) निराळी खेळी केली. लाहोरच्या बाजारात बसलेला चंगेझ एका अमेरिकी परक्याशी एकट्यानेच बोलतो आहे. प्रिन्सटनचे शिक्षण, न्यूयॉर्कची मूल्यांकन करणारी बडी कंपनी, एरिकावरचे प्रेम, मनोरे कोसळताना पाहून नकळत आलेले हसू, मग परत फिरणे. संपूर्ण पुस्तकात धर्म जवळजवळ नाही. ज्या मूलतत्त्वांना घट्ट धरून राहण्याचा उपदेश आहे ती कंपनीची आर्थिक मूलतत्त्वे आहेत. शीर्षक वाचून आपण दाढीवाला शोधत बसतो आणि शेवटपर्यंत कळत नाही की हा माणूस धोकादायक आहे की समोरचा. लक्षणांची यादी वाचकाच्याच तोंडावर फेकणारे हे पुस्तक. चतुर आहे. किंचित जास्तच चतुर आहे, हे पुन्हा वाचताना जाणवते. चंगेझच्या दुःखापेक्षा त्याच्या वाक्यांची इस्त्री अधिक लक्षात राहते.

*

इथवर माझे सूत्र सुरळीत चालले होते. करण महाजन यांची ‘द असोसिएशन ऑफ स्मॉल बॉम्ब्स’ (२०१६) ते अडवते, आणि म्हणून ती आवर्जून वाचली पाहिजे. दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात २१ मे १९९६ रोजी खरोखर स्फोट झाला होता. कादंबरीत दुरुस्तीला दिलेला टीव्ही आणायला गेलेले खुराणांचे दोन मुलगे त्यात मरतात आणि त्यांच्याबरोबरचा मित्र मन्सूर वाचतो. जखमी अवस्थेत तो चालत घरी जातो. मन्सूरला बाप आहे, प्रेमळ आहे, घर सुखवस्तू आहे. ओळखीचा पेच असलाच तर तो हिंदू मित्रांबरोबर बॉम्बमध्ये सापडलेल्या मुस्लिम मुलाचा आहे. तो बळी आहे आणि बळींच्या यादीतही जरा अवघडलेला आहे.

अमेरिकेत संगणक शिकताना त्याचे मनगट पुन्हा दुखू लागते. दुखणे घेऊन तो दिल्लीला परततो, खोट्या आरोपांत अडकलेल्यांसाठी झटणाऱ्या एका संस्थेत जातो आणि तिथे त्याला आझमगढचा अय्यूब भेटतो. अय्यूब गांधीवादी आहे. मोर्चे काढतो, निवेदने देतो. एकही वर्तमानपत्र दखल घेत नाही. त्याची मैत्रीण त्याला सोडून जाते. आणि हा अहिंसक, हुशार, सर्वांना हवाहवासा माणूस बॉम्बकडे वळतो. कारण? बॉम्बची बातमी होते. महाजन हे इतक्या कोरडेपणाने लिहितात की वाचकाला राग यावा. स्वतः बॉम्ब बनवणारा शौकत त्यांनी एखाद्या किरकोळ कारागिरासारखा रंगवला आहे. पैशांची कुरकूर, प्रवासाची दगदग, कामाचा अभिमान.

इथे बापाची गोष्ट नाही, अपमानित पुरुषार्थही फारसा नाही. इथे दिसते ती सार्वजनिक जागेची टंचाई. सभ्य मार्गाने बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि न ऐकण्याची शिक्षा भलत्यालाच होते. मन्सूर काहीही न करता केवळ ओळखीपायी गोवला जातो. शीर्षकातल्या ‘असोसिएशन’ या शब्दाचे हे दोन अर्थ, संघटना आणि संबंध. कायद्याच्या लेखी मित्र असणे हेच लक्षण ठरते. माझे सूत्र या कादंबरीला लागू पडत नाही, ते मी ओढूनताणून लावणार नाही. फक्त एवढे दिसते की ज्या समाजात मुस्लिम असणे ही रोजची, बहुसंख्य शेजाऱ्यांमधली गोष्ट आहे तिथे तरुणाला ओळख शोधायला कुठे जावे लागत नाही. ती त्याच्यावर आधीच चिकटवलेली असते. शेफील्डचा इम्तियाझ नाव शोधतो, दिल्लीचा मन्सूर नावातून सुटू पाहतो.

स्त्रियांबद्दल थोडके. मोनिका अली यांच्या ‘ब्रिक लेन’मध्ये (२००३) तरुण पुढारी करीम बांगला बोलताना अडखळतो, इंग्रजीत मात्र नाही. ज्या अस्मितेसाठी तो सभा घेतो तिची भाषाच त्याच्या जिभेवर टिकत नाही, आणि हे ध्यानात येते ते त्याच्यावर प्रेम करणाऱ्या नाझनीनच्या. ताबिश खैर यांच्या ‘जिहादी जेन’मध्ये (२०१६) दोन मैत्रिणीच सीरियाला जातात. तिथे बापापेक्षा मैत्री आणि मुलींना बोलायला मोकळी जागा नसणे हे दोन धागे महत्त्वाचे ठरतात. या दिशेने अजून बरेच लिहिले जायचे आहे.

*

मराठीत पाहू. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर ओळखीच्या पेचात कमी आहे काय? पुण्यात तो उपरा, गावात तो शिकलेला, बापाशी त्याचे जन्माचे भांडण. पण त्याच्याकडे कोणी फारूक येत नाही, आणि आला असता तर पांडुरंगाने त्याची नक्कल करून खोलीतल्या पोरांना हसवले असते. त्या कादंबरीतली थट्टा ही निव्वळ शैली नाही, ती एक प्रकारची लस आहे. बापही तिथे पुरेपूर हजर आहे. हिशेबी, कर्मठ, नको तितका हजर. त्याच्याशी भांडता येते. या सगळ्या परदेशी कादंबऱ्यांतल्या मुलांना भांडायलाही बाप उरलेला नाही किंवा तो भांडणाच्या भाषेत बोलत नाही.

हीच पोकळी आपल्याकडे भाऊ पाध्ये यांनी ‘राडा’मध्ये पाहिली. सुखवस्तू घरातला मंदार, घरात कोणाला नको असलेला, आणि सत्तरीतल्या मुंबईतली शाखा, पोरे, घोषणा, हाणामारी. पाध्यांनी निदान केले नाही, कळवळाही दाखवला नाही. नाक्यावरच्या भाषेत नाक्यावरचे जग उभे केले. ते पुस्तक वाचकांपर्यंत सरळ पोहोचू शकले नाही आणि मराठी समीक्षेनेही त्याच्याकडे पाठ फिरवली. ‘कोसला’वर आपल्याकडे ग्रंथ आहेत. ‘राडा’वर किती लेख आहेत, हे वाचकांनी आपल्या कपाटात पाहावे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतरचे गिरणगाव आहे. त्या घरातला नरू टोळीत जातो. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो लढा हरला, आणि हरलेल्या लढ्याची गोष्ट मुलांना कोणत्या तोंडाने सांगायची हे कोणालाच उमगले नाही. त्या मुलांना गोष्ट सांगायला मग दुसरे लोक आले. कोणी भाई म्हणून आले, कोणी साहेब म्हणून.

मी वर ‘जहाल’ या शब्दाने छाती फुगते असे लिहिले. ते सहज लिहिलेले नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडणारे दामोदर चापेकर यांनी कैदेत असताना आत्मवृत्त लिहिले. त्यांचे वडील कीर्तनकार होते आणि मुले त्यांच्या साथीला गावोगाव हिंडत. या घरात बापाची गोष्ट बापाच्याच तोंडून, टाळ-मृदंगासह सांगितली जात होती. प्लेगच्या काळातला जुलूम, परक्या सत्तेचा राग, हे सारे त्या आत्मवृत्तात आहे, तसाच सुधारकांविषयीचा कडवा तिरस्कारही आहे. आपण पाठ्यपुस्तकात पहिला भाग ठेवला आणि दुसरा गाळला. वीर की माथेफिरू, असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. पण त्या घरात, त्या कीर्तनांच्या प्रवासांत एका तरुणाचे मन कसे घडत गेले, याची कादंबरी मराठीत का लिहिली गेली नाही, हा प्रश्न उरतो. चरित्रे आहेत, चित्रपट आहे. कादंबरीला जो संशय घेण्याचा अधिकार असतो तो आपण या विषयावर कोणालाही दिलेला नाही. शम्सींना लंडनमध्ये बसून परवैझ लिहिता आला, त्यामागे तो अधिकार होता. पाध्यांनी तो स्वतःहून घेतला होता.

‘होम फायर’चे पाच भाग आहेत : इस्मा, एमन, परवैझ, अनीका, करामत. प्रत्येकाच्या आत आपल्याला प्रवेश मिळतो, मुलाचे प्रेत परत न घेणाऱ्या मंत्र्याच्याही. फारूकच्या नावाचा भाग नाही. कुरेशींच्या कथेत मुलाला मशिदीत नेणारे कोण, ते आपण पाहत नाही. सहोतांची वही इम्तियाझची आहे, त्याला घेऊन जाणाऱ्यांची नाही. महाजनांनी बॉम्ब करणाऱ्याचे हात दाखवले, पण गोष्ट सांगणारा माणूस, ज्याला दुसऱ्याच्या मुलाचा बाप होता येते, तो या सगळ्या पुस्तकांत दारापर्यंत येतो आणि उंबऱ्याबाहेरच राहतो. फारूकला कोणी, कधी, कोणाच्या बापाची गोष्ट सांगितली होती, ते अजून कोणी लिहिलेले नाही.